माकोने–बोजोलेत ग्रॅव्हल सायकल: आधी माती बघा, मग टायर

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या दोघा सायकलस्वारांना फ्रान्समध्ये माकाँ शहरापासून द्राक्षमळ्यांच्या डोंगरातून तीन-चार दिवसांची ग्रॅव्हल सफर, म्हणजे खडीच्या-कच्च्या वाटांवरची सायकल सफर, करायची आहे. सायकली 40 मिमी ट्युबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरच्या, पुढे पायडलपाशी 40 दात्यांचं एकच चेनरिंग (दातेरी चकती), मागे 11–42 कॅसेट, म्हणजे 11 ते 42 दात्यांच्या चकत्यांचा संच. सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांची सवय आहे. गाडी पुरेल का, मार्ग कसा आखावा आणि कधी जावं?

आधी थेट उत्तर. टायर पुरतील, गिअर पुरणार नाही. मे-जून किंवा सप्टेंबरमध्ये जा. आणि मार्ग आखताना किलोमीटर मोजण्याआधी पायाखालची माती पाहा, कारण या भागात शेजारी-शेजारी दोन अगदी वेगळ्या जमिनी आहेत आणि पावसानंतर त्या दोन वेगळ्या देशांसारख्या वागतात.

उत्तरेकडचा माकोने हा चुनखडीचा प्रदेश. इथे पांढऱ्या वाइनची शार्दने द्राक्षं. खडकाचे थर पूर्वेला, म्हणजे सोन नदीकडे कललेले आहेत आणि थरांच्या मधेमधे मार्ल, म्हणजे चुनखडी मिसळलेली चिकणमाती आहे. दक्षिणेला वरच्या बोजोलेत लागतो ग्रॅनाइट. तिथे लाल वाइनचं गामे द्राक्ष, आणि ग्रॅनाइट कुजून झालेली गुलाबी-करडी भरड वाळू. 1395 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने, फिलिप द बोल्डने, आपल्या मुलखातून गामे उपटून टाकायचा हुकूम काढला होता. दक्षिणेच्या ग्रॅनाइटवर मात्र ते टिकलं आणि छान रुजलं. पाटीवर शार्दने आहे की गामे, एवढ्यावरून पुढच्या वाटेचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बोजोलेची वाट मुरमाची आहे आणि माकोनेची मार्लवाली वाट काळ्या रानातली. ग्रॅनाइटच्या वाळूतून पाणी झिरपून जातं. रात्री जोराचा पाऊस झाला तरी सकाळी दहाला सायकल घालता येते. मार्लचं तसं नाही. तिला वाफसा यायला ऊन आणि वारा असला तरी एक-दोन दिवस जातात. ओली असताना शिरलात तर पन्नास मीटरमध्ये चाकावर मातीचा थर चढतो, फ्रेम आणि टायरमधली फट बुजते आणि मागचं चाक फिरायचं थांबतं. चूक इथेच होते: पायडल जड झालं की माणूस आणखी जोर लावतो. मातीत अडकलेली काडी किंवा गवत साखळीबरोबर डिरेलरमध्ये (मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत) ओढलं जातं, तो फ्रेमला धरून ठेवणारा हँगर वाकतो किंवा तुटतो आणि दिवस तिथेच संपतो. जोर वाढवावा लागतोय असं वाटताच उतरा, सायकल उचलून गवताच्या कडेवर घ्या, काडीने माती काढा, मगच पुढे. तुमच्या सायकलचा हँगर तिच्याच मॉडेलचा लागतो आणि तो माकाँच्या दुकानात मिळेलच असं नाही. पुण्यातूनच एक जास्तीचा सोबत घ्या.

टायरबद्दल. 40 मिमी, मध्ये गुळगुळीत आणि कडेला गुठळ्या असलेला टायर इथे उत्तम. 45 बसत असेल तर बोजोलेच्या उतारांवर आराम वाटेल, पण फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किमान 6 मिमी मोकळी जागा उरली पाहिजे. ती उरत नसेल तर 40च बरा. हवेचा दाब: स्वाराचं वजन 70–75 किलो असेल तर पुढे 28–30 आणि मागे 31–33 पीएसआय. सामान बांधलं की मागे 3–4 वाढवा. ट्यूब घालून चालवणार असाल तर दोन्हीकडे आणखी 5, नाहीतर चुनखडीच्या धारदार दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते. ट्युबलेसमध्ये प्रत्येक चाकात 60 मिली सीलंट (बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव), निघायच्या आठवड्यात ताजं. माकोनेतले दगड कपची निघाल्यासारखे असतात आणि टायरच्या बाजूची भिंत कापतात. तो काप सीलंटने बुजत नाही. आतून लावायचा जाड तुकडा, दोन-तीन रबरी प्लग आणि एक ट्यूब जवळ हवी. गॅसची नळकांडी विमानात नेण्याच्या भानगडीत पडू नका, चांगला हातपंप न्या.

काट्यांचंही सांगतो. क्लूनीच्या आसपास गुरांची कुरणं आहेत आणि त्यांना काटेरी झुडपांची कुंपणं. शरद आणि हिवाळ्यात ती यंत्राने छाटतात आणि काटे रस्त्यावर पडतात. बाभळीच्या काट्याचा अनुभव असलेल्याला वेगळं समजावायला नको. मळ्यांची छाटणीही हिवाळ्यात, एकदाच होते (नाशिकसारखी वर्षातून दोनदा नाही), त्यामुळे जानेवारी ते मार्च वाटांवर काड्या आणि मांडवाच्या तारेचे तुकडे पडलेले असतात. तारेचा तुकडा मागच्या चाकात गेला तर स्पोक आणि डिरेलर दोन्ही जातात. मे-जूनमध्ये हा त्रास जवळजवळ नसतो.

आता गिअर, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथे होईल. इथले डोंगर उंच नाहीत. तुमचा मार्ग बहुतेक 750 मीटरच्या आतच राहील. पण मळ्यांच्या वाटा घाटरस्त्यासारख्या वळणं घेत चढत नाहीत, ट्रॅक्टर जातो तशा सरळ अंगावर येतात. 12 टक्के नेहमीचे, मधे 15 च्या पुढे जाणारे तुकडे. हिशोब करून पाहा. स्वार, सायकल, सामान मिळून 90 किलो, 12 टक्के चढ, वर सैल खडी. पुढे 40, मागे 42 वर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 2.1 मीटर सरकते. मिनिटाला 60 फेऱ्यांनी ताशी साडेसात किलोमीटर होतात आणि त्यासाठी जवळपास 250 वॅट लागतात. दिवसातून पंधरा वेळा हे जमणारे स्वार थोडे. फेरे 45 वर आणले तर वॅट कमी होतात, पण प्रत्येक ढकलीला मागचं चाक वाळूत घसरतं. पुढे 34 दात्यांचं चेनरिंग बसवलं तर त्याच 60 फेऱ्यांना 210 वॅट पुरतात. पुढे 30 आणि मागे 42 असेल तर 185. तुमच्या क्रँकला (पायडलच्या दांड्याला) 34 चं चेनरिंग बसत असेल तर तो सगळ्यात स्वस्त उपाय. साखळीतून एक जोड कडी कमी करा आणि घरच्या रस्त्यावर दोन-तीन चढ चढून साखळीचा ताण तपासा. वेग गमावण्याची काळजी नको, 34–11 वर मिनिटाला 90 फेऱ्यांनी ताशी 36 किलोमीटर मिळतात. नवी सायकल घेणारे किंवा भाड्याने घेणारे 40 ला 10–51 कॅसेट मागू शकतात. नियम एवढाच: पुढचे दाते भागिले मागचे सगळ्यात मोठे दाते, उत्तर 0.8 च्या आसपास किंवा खाली हवं.

मार्ग माकाँतून निघून माकाँत परत यावा, म्हणजे सायकलचं खोकं हॉटेलात ठेवता येतं. ल्योंहून साधी टीईआर, म्हणजे प्रादेशिक रेल्वेगाडी, पाऊण तासाच्या आसपास माकाँ-व्हील स्थानकात आणते आणि तिच्यात जोडलेली सायकल चढवता येते. पॅरिसहून टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान रेल्वे, माकाँ-लोशे स्थानकात थांबते, ते शहराबाहेर मळ्यांच्या पायथ्याशी आहे. टीजीव्हीत सायकल सुटी करून 130 × 90 सेंटिमीटरच्या पिशवीत न्यावी लागते, किंवा ज्या गाड्यांत जागा आहे तिथे ती आधी राखून.

पहिला दिवस माकाँ ते क्लूनी, चाळीसेक किलोमीटर. पश्चिमेला निघालात की सोल्यूत्रे आणि व्हेर्जिसाँ हे दोन खडक जहाजाच्या नाळेसारखे पुढे येतात. सोल्यूत्रे 493 मीटर. थर पूर्वेकडे कललेले असल्यामुळे माकाँकडून चढ सुसह्य आणि पलीकडचा पश्चिमेचा कडा तुटलेला. म्हणून ही फेरी याच दिशेने करा. सोल्यूत्रेच्या माथ्याची वाट पायी चालायची आहे. सायकल खाली कुलूप लावून ठेवा आणि चढून या, वरून खाली मळ्यांची चौकट आणि लांब सोनचं खोरं दिसतं. पायथ्याला घोड्यांच्या हाडांचा प्रचंड थर सापडला आणि अश्मयुगातल्या एका संस्कृतीला या गावाचंच नाव मिळालं. इथून प्येरक्लो, बेर्झेकडे जाताना वाटा मार्लवरून जातात, म्हणजे पावसाची कसोटी इथेच. दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर खालची मळ्यातली वाट सोडा, वरची खडकाळ धार किंवा छोटी डांबरी वाट धरा.

बेर्झेच्या पुढे ब्वा क्लेरचा जुना रेल्वे बोगदा आहे, सुमारे 1.6 किलोमीटर लांब. ही सगळी वाट म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलमार्ग. त्याचा जिव्री–क्लूनी हा पहिला टप्पा 1997 मध्ये खुला झाला आणि फ्रान्समधल्या अशा मार्गांत तो अगदी सुरुवातीचा. तो डांबरी आहे, ग्रॅव्हल नाही, हे लक्षात ठेवा. पण पाऊस लागला, कोणी थकलं, ब्रेक गेला, तर माकाँ गाठायला याच्याइतकी खात्रीची वाट दुसरी नाही. बोगद्यात भर उन्हाळ्यातही गारठा असतो. घामेजलेल्या अंगाने शिरण्याआधी जाकीट घाला आणि दिवा लावा. हिवाळ्यात तिथे वटवाघळं मुक्कामाला असल्याने बोगदा बंद असतो आणि वरून जंगलातली खिंड ओलांडावी लागते. क्लूनीत 910 मध्ये स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत; एकेकाळी ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं चर्च इथे होतं. संध्याकाळ त्याला द्या.

दुसरा दिवस क्लूनीहून दक्षिणेला त्रामायमार्गे आव्हना आणि मग खाली बोजोलेत. इथे द्राक्षं मागे पडतात, कुरणं आणि डग्लस फरची जंगलं लागतात. त्रामायजवळचा मेर-ब्वातिएचा माथा 758 मीटर. जंगलातल्या वाटा पक्क्या असतात, पण लाकूडतोड चालू असेल तर अवजड यंत्रांनी हातभर खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि नकाशावरची सुरेख वाट चिखलाचा चर झालेली असते. सोमवार ते शुक्रवार लाकूड वाहणारे ट्रकही असतात. या टप्प्यात दुकानं विरळ, म्हणून क्लूनीतूनच दुपारचं खाणं बांधून घ्या.

आव्हनाच्या वरच्या धारेवरून पूर्वेला पाहिलं की सगळं बोजोले पायाशी येतं, हवा स्वच्छ असेल तर आल्प्सही. आणि मग या सफरीतला सगळ्यात धोक्याचा भाग: साडेचारशे मीटरहून जास्त उतरून शिरूब्ल आणि व्हिलिए-मोर्गाँला जायचं. ग्रॅनाइटची वाळू कडक पायावर पसरलेली असते, छर्ऱ्यांवरून चालल्यासारखं चाक निसटतं. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच वेग पूर्ण कमी करा. वळणात पुढचा ब्रेक दाबायचा नाही. बाहेरच्या पायडलवर वजन. मळ्यातल्या सिमेंटच्या उतारांना पाणी वळवायला आडव्या चरी काढलेल्या असतात. त्या दुरून दिसत नाहीत, विशेषतः झाडाच्या सावलीत. त्यांना काटकोनात ओलांडा, पायडल आडव्या पातळीत ठेवून अंग हलकं करा. ओल्या वाळूत डिस्क ब्रेकचे रेझिनचे पॅड फार लवकर झिजतात. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड घाला, तुमच्या डिस्कवर ते चालत असतील तर, आणि एक जोडी खिशात ठेवा. पॅडचा थर 0.5 मिमीवर आला की बदलायचाच.

तिसरा दिवस या सफरीचं मन आहे. व्हिलिए-मोर्गाँतून निघून माँ ब्रुयीचा 484 मीटरचा सुटा डोंगर, मग मोर्गाँ, फ्लरी, मूलँ-आ-व्हाँ, शेना, ज्यूलिएना, सँ-तामूर, आणि शेवटी उतरून सोनच्या काठाने माकाँ. पन्नास-साठ किलोमीटर, पण सतत वर-खाली. बोजोलेच्या दहा नामांकित क्रूपैकी (स्वतःच्या नावाने वाइन विकणाऱ्या पट्ट्यांपैकी) बहुतेक याच एका दिवसात ओलांडता. माँ ब्रुयीचा डांबरी चढ साधारण तीन किलोमीटर, सरासरी 7.7 टक्के, पॅरिस–नीस शर्यतीत 2017 मध्ये इथे वैयक्तिक घड्याळी शर्यत झाली. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये याच डोंगराकडे निघालेला टप्पा बर्फामुळे रद्द करावा लागला होता. एवढ्या कमी उंचीवर मार्चमध्ये हे होतं, म्हणून मार्च-एप्रिलचा मोह नको. माथ्यावर द्राक्षांच्या माउलीचं, म्हणजे मेरीचं, छोटं चर्च आहे, पिकावर रोग आले त्या काळात लोकांनी बांधलेलं.

इथल्या जुन्या वेली तारांवर नसतात, पेल्यासारख्या झुडपाच्या आकारात छाटतात आणि हेक्टरी दहा हजारांपर्यंत लावलेल्या असतात. ओळींमध्ये जेमतेम मीटरभर जागा. त्यामुळे ट्रॅक्टर ओळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, वेलीच्या वरून चालतो. चालक उंचावर बसलेला असतो, आणि जवळ आलेला सायकलस्वार त्याला दिसत नाही. त्याची नजर तुमच्यावर पडेपर्यंत थांबा, मग हात करून पुढे जा. ओळींच्या आत सायकल कधीही घालू नका. तो रस्ता नाही, कुणाचं तरी पीक आहे.

वाटांच्या हक्काचा फरकही समजून घ्या. 'शमँ रुराल' म्हणजे गावाचा रस्ता, आपल्या शिवरस्त्यासारखा, सर्वांना खुला. 'शमँ देक्स्प्ल्वातास्याँ' म्हणजे लगतच्या शेतकऱ्यांच्या मालकीची पाणंद; बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही, पण मालक ती बंद करू शकतात. 'प्रिव्हे' अशी पाटी किंवा साखळी दिसली की वळा. ॲपने आपोआप काढलेले मार्ग हा फरक पाळत नाहीत आणि नेमके मळ्याच्या मधून नेतात. म्हणून प्रत्येक टप्पा फ्रान्सच्या सरकारी आयजीएन 1:25,000 नकाशावर ताडून पाहा, आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर कच्च्या वाटेला दिलेली प्रत बघा (1 सगळ्यात पक्की, 5 सगळ्यात कच्ची): 1 ते 3 तुमच्यासाठी, 4 कोरड्यात, 5 सोडून द्या.

मे ते जुलै मळ्यांवर फवारण्या चालतात. केवड्यासाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, भुरीसाठी गंधक. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला ही नावं पाठ असतात, आणि बोर्डो हे नाव फ्रान्समधल्याच शहराचं. इतर औषधंही असतात; फवारलेल्या मळ्यात मजुरांनी पुन्हा शिरायला औषधाप्रमाणे 6, 24 किंवा 48 तास थांबायचा नियम आहे. तुम्हीही फवारा चालू असलेल्या बाजूने वारा येत असेल तर थांबा किंवा दुसरी वाट घ्या, बाटलीचं तोंड झाकलेलं ठेवा आणि वेलीवरचं द्राक्ष तोडून खाऊ नका. ऑगस्ट-अखेरीपासून तोडणी सुरू होते. अरुंद वाटांवर ट्रेलर उभे असतात, सांडलेल्या रसाने सिमेंट निसरडं होतं. तरी सप्टेंबरचा उजेड आणि हवा पाहता तो महिना सोडू नये. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जंगलात शिकारीचा हंगाम. 'शास आँ कूर' (शिकार चालू आहे) ही पाटी दिसली तर त्या जंगलात शिरू नका आणि एरवीही भडक रंगाचं जाकीट घाला.

पाणी: उन्हाळ्यात तापमान 35 अंशांच्या वर जाऊ शकतं, मळ्यात सावली नाही. माणशी अडीच लिटर जवळ असावं. नळावर 'ओ नाँ पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही. गावात नळ सापडला नाही तर दफनभूमीकडे जा, फुलांना घालायला तिथे बहुधा नळ असतो. छोट्या गावांत दुकानं दुपारी साडेबारा ते अडीच बंद, रविवार दुपार आणि बऱ्याचदा सोमवारही. जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं. शाकाहारी असाल तर सॅलड आणि कीशमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, 'लार्दाँ' आहे का ते विचारा. अंडं चालत असेल तर बेकरीतली चीज घातलेली गुजेर (छोटे फुगीर पाव) आणि माकोनेचं बकरीचं चीज यांवर दिवस छान निघतो.

कायद्याचं: दारूची मर्यादा, रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम, सायकलस्वारालाही लागू आहे. तळघरात चव घ्यायची तर थुंकायचं भांडं मागा, तिथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही, आणि खरेदी संध्याकाळी, सायकल ठेवल्यावर. घंटी आणि दिवे सक्तीचे. वस्तीबाहेर रात्री किंवा धुक्यात परावर्तक जाकीट सक्तीचं. कानात हेडफोन घालून चालवायला बंदी. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि लक्षात असू द्या, वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने आहे. अपघातात 112.

सोनचा काठ शेवटचे बारा-पंधरा किलोमीटर. नदी इतकी संथ की कुठल्या दिशेला वाहते हे नजरेला कळत नाही. उतार नसल्यामुळेच हिवाळ्यात आणि वसंतात पूर आला की पाणी दिवसेंदिवस ओसरत नाही आणि काठची वाट बुडालेली राहते. निघण्याआधी पाण्याची पातळी पाहा. उघड्या खोऱ्यात उत्तरेचा वारा, तिथे त्याला 'बीझ' म्हणतात, सुटला तर दक्षिणेकडून माकाँला येताना तो थेट तोंडावर बसतो आणि सपाट रस्ता चढासारखा लागतो. तसा अंदाज असेल तर क्रेशजवळ काठ न धरता मळ्यांच्या पायथ्याची वाट घ्या. किंवा सगळी फेरी उलटी करा: पहिल्या दिवशी सोनच्या काठाने दक्षिणेला, मग बोजोले, शेवटी सोल्यूत्रे. त्यात तुटलेल्या कड्याची बाजू पश्चिमेकडून चढावी लागेल. 34 चं चेनरिंग असेल तर तेही जमेल.